पहिला धोबी कधी आला? निसर्ग मंडळात नव्याने येणाऱ्यांसाठी शरदातली वाट

सप्टेंबरच्या मध्यावर एखाद्या सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधल्या ओल्या फरशीवर एक सडपातळ पक्षी शेपूट वरखाली हलवत लगबगीने चालताना दिसतो. पाठ राखाडी, बुडाखाली पिवळा. बहुतेकांचं त्याच्याकडे लक्षही जात नाही. आमच्या निसर्ग मंडळाच्या ग्रुपवर मात्र त्या सकाळी एकाच शब्दाचा निरोप येतो, "आला." कोण आला, असं कुणी विचारत नाही. करडा धोबी उत्तरेकडच्या डोंगरांतून उतरलेला असतो. पंचांगातला शरद आश्विनात लागतो, आमचा त्या निरोपाने लागतो.

दरवर्षी या दिवसांत मंडळात पाच-सात नवे चेहरे येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आज काय दिसणार?" मनात फ्लेमिंगो असतात, वाघ असतो, गेला बाजार एखादं घुबड तरी. उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसायचं असेल तर हा प्रश्न ठीक आहे. शरदात तो फसतो. पाऊस परतीच्या वाटेवर असतो, पाहुणे पक्षी उतरत असतात, सड्यावरची (डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावरची) फुलं संपत आलेली असतात आणि गवत दर आठवड्याला रंग बदलतं. अशा दिवसांत 'कधी?' विचारावं. आज पहिल्यांदाच दिसला, की आठवडाभर आहे? गेल्या वर्षीपेक्षा लवकर, की उशिरा? पुढचं सगळं हा प्रश्न मनात धरून वाचा.

१. आधी घराजवळची एक जागा धरा

मंडळ शोधण्याआधीच हे करून टाका. घरापासून पायी पंधरा मिनिटांत गाठता येईल अशी कुठलीही जागा चालेल. गावतळं, ओढा, टेकडी, कॉलेजचं आवार, स्मशानामागची झाडी, प्लॉट पाडून विकला न गेलेला माळ. तिचं नाव कुणी ऐकलेलं नसलं तर उत्तमच. तिथे आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच वेळी जायचं आणि अर्धा तास थांबायचं.

लांबच्या नामांकित जागांबद्दल एक सांगतो. भिगवणचं नाव ऐकून लोक ऑक्टोबरातच गाड्या काढतात. पण चांगल्या पावसाच्या वर्षी तेव्हा उजनीचं पाणी काठोकाठ असतं आणि चिखलाचे उथळ काठ पाण्याखाली. चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांनी उभं राहायचं तरी कुठे? पाणी ओसरायला लागलं की तिथली खरी गर्दी सुरू होते, म्हणजे डिसेंबरपासून पुढे. नांदूर मधमेश्वरचंही साधारण तसंच. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचं ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, पण बदकांची दाटी थंडी पडल्यावर. ताडोब्याचा गाभा १ ऑक्टोबरला उघडतो, तेव्हा गवत पुरुषभर उंच असतं आणि पाणी जागोजागी, त्यामुळे वाघाला ठरावीक पाणवठ्यावर यायची गरजच नसते. जायला माझी हरकत नाही. फक्त तिकडून हिरमुसून परत येताना गावतळ्यावर उतरलेली पहिली बदकं चुकवू नका.

२. मंडळ निवडताना

मुंबईत १८८३ सालापासून चालत आलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सर्वांना ठाऊक असते. पण आता बहुतेक जिल्ह्यांच्या गावी, कित्येक तालुक्यांतही, रविवारी सकाळी एकत्र निघणारा एखादा गट असतोच. कॉलेजातले जीवशास्त्राचे शिक्षक, गिर्यारोहण करणारी मंडळी किंवा गावातले सर्पमित्र यांच्यापैकी कुणाला विचारलंत तर पत्ता लागतो.

सभासद होण्याआधी एक फेरी पाहुणे म्हणून करा आणि दोन गोष्टी विचारा. एका नेत्यामागे किती माणसं? दहा-बारा ठीक. चाळीस असतील तर ती सहल झाली. मागच्या वर्षीच्या नोंदी पाहायला मिळतील का? जिथे जुन्या वह्या आहेत तिथे तुमच्या नव्या नोंदीला शेजार मिळतो. मंडळाच्या पानावर घरट्यातल्या पिल्लांचे जवळून काढलेले फोटो रांगेने दिसले, तर मी तरी दुसरं मंडळ शोधीन.

आणि हो, आपल्याला काही येत नाही म्हणून संकोचू नका. मी पहिली दोन वर्षं करड्या धोब्याची नोंद 'पिवळा धोबी' अशी करत होतो. पोट पिवळं दिसलं, लिहिलं पिवळा. शेवटी एका आजोबांनी मला ओढ्याकाठी उभं केलं आणि म्हणाले, "पोट सोड, पाठ बघ. आणि उभा कुठे आहे ते बघ." करड्याची पाठ राखाडी, शेपूट लांबलचक आणि ओढ वाहत्या पाण्याची. पिवळ्याची पाठ हिरवट-तपकिरी, शेपूट आखूड, आणि तो उघड्या ओल्या शेतांत, गुरांच्या पायांत घोटाळतो. दोन वर्षांच्या नोंदी खोडाव्या लागल्या. त्या खोडलेल्या ओळी वहीत अजून आहेत.

३. सोबत काय घ्यायचं

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना मंडळातली दुर्बीण मागून घ्या, लगेच खरेदी नको. घ्यायचीच झाली तर ८ × ४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा. दहा पट वाचून मोह होतो, पण जितकं मोठं दिसतं तितकं हलतंही आणि दिसणारं क्षेत्रही आकसतं. नवख्या हाताला आठच बरी.

दुर्बीण जुळवणं कुणी शिकवत नाही म्हणून इथे सांगतो. लांबच्या एखाद्या पाटीवर नेम धरा. उजवा डोळा मिटून, मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ करा. मग डावा मिटा, चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची कडी फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करा. कडीची ती खूण लक्षात ठेवा, यापुढे फक्त चाक फिरवायचं. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून काढायची नाही, दुर्बीण उचलून डोळ्यांपुढे आणायची. खाली बघून दुर्बीण शोधायला गेलात की पक्षी गेला. सूर्याकडे ती चुकूनही रोखू नका.

कपडे मातकट रंगाचे, बाह्या पूर्ण, पँट पायघोळ. यामागे ऑक्टोबरातल्या कुसळी गवताचा हात आहे. पावसाळ्यात लोळावंसं वाटणारं हेच गवत आता सुकतं आणि त्याची कुसळं मोज्यांत अशी शिरतात की घरी चिमट्याने एकेक काढत बसावं लागतं. लोकरी मोजे नकोत, गुळगुळीत कापडाचे घाला किंवा वरून गेटर (बुटावरून पोटरीला गुंडाळायचं आवरण) चढवा. परत आल्यावर अंगावर गोचीड नाही ना, ते पाहा. अत्तर, सेंट, सुगंधी तेल घरी ठेवा. का, ते शेवटी येईल. पाणी भरपूर, कारण सकाळी सातला गारवा असला तरी दहाला ऑक्टोबर हीट टाळू भाजते.

आणि वही. खिशात मावेल अशी, दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. पेन ओल्या कागदावर चालत नाही.

४. पहिली सकाळ

ऑक्टोबरच्या मध्याला पुण्या-मुंबईकडे साडेसहाच्या सुमारास उजाडतं, नागपूरकडे वीसेक मिनिटं आधी. त्याआधी दहा मिनिटं ठरल्या जागी हजर राहा. उशीर झाला तर फोन करून सगळ्यांना थांबवू नका, पुढच्या रविवारी या. हे कठोर वाटेल. पण पहिल्या तासात जितकं दिसतं तितकं पुढच्या तीन तासांत दिसत नाही.

सूर्य पाठीशी ठेवून चाला. नेत्याच्या पुढे जायचं नाही, आणि पक्षी दिसला तर हात लांब करून ओरडायचं नाही. दिशा झाडाने सांगा: "बाभळीच्या डाव्या फांदीवर, टोकापासून दोन हात आत." 'तो बघा, तिथे' म्हणून कुणालाच काही कळत नाही.

फेरीत एकदा तरी दहा मिनिटं एका जागी बसा. गप्पा बंद. पहिली तीन-चार मिनिटं काही घडत नाही. मग सुरू होतं. बसायच्या आधी जागा मात्र नीट न्याहाळा.

५. कोणत्या आठवड्यात कशावर नजर ठेवायची

सप्टेंबरच्या अखेरीला सह्याद्रीतले सडे. कास पठार त्यातलं सर्वात प्रसिद्ध. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांत तेही आहे. हंगामात ऑनलाइन नोंदणी केल्याशिवाय निघू नका. पण फुलं पाहायला कासच हवं असं नाही. जांभ्याच्या कुठल्याही सड्यावर जिथे पाणी झिरपतं, तिथे सीतेची आसवं आणि गेंद असतात, उतारांवर तेरडा, आणि तेरडा उतरू लागला की पिवळीधमक सोनकी. सीतेची आसवं कीटकभक्षी आहेत. मातीतल्या बारीक पिशव्यांत ती पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. चालताना उघड्या खडकावरूनच चाला. तिथली माती बोटभर जाडीची असते आणि तिच्यावर पडलेला बूट पुढच्या वर्षीच्या फुलांवर पडतो. कुणी म्हणालं, "यंदा कारवी आहे," तर बाकी सगळं सोडून जा. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच एकगठ्ठा फुलते आणि बी टाकून मरते. प्रत्येक डोंगराचं वर्ष वेगळं असू शकतं, त्यामुळे तुमच्या डोंगरावर ती कधी फुलली याची तारीख पुढच्या पिढीच्या कामाची.

ऑक्टोबर हा फुलपाखरांचा. सकाळी आठ-नऊनंतर ऊन तापलं की बघा, फार लवकर नको. ओल्या मातीवर नर घोळक्याने बसून क्षार शोषतात, त्याला चिखलपान म्हणतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राणी पाकोळीला, म्हणजे ब्लू मॉर्मनला, राज्य फुलपाखरू ठरवलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. काळ्या मखमलीवर निळी शाई सांडल्यासारखं ते दिसतं आणि सोसायटीच्या बागेतल्या लिंबावरही अंडी घालायला येतं. हळदीकुंकू नावाचं दुसरं एक आहे, त्याच्या पंखांची खालची बाजू पाहिली की नाव का पडलं ते सांगावं लागत नाही. खुळखुळ्याच्या वाळत्या झुडपावर ब्लू टायगर फुलपाखरं लगडलेली दिसली तर ती मध प्यायला आलेली नसतात. नरांना त्या झाडातली विशिष्ट रसायनं हवी असतात, मादीला आकर्षित करणारा गंध त्यांतून बनतो.

याच दिवसांत माळावर आणि शेतांवर पिवळसर चतुरांचे थवे न बसता तासन्‌तास घिरट्या घालतात. ते ग्लोब स्किमर. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं, की हे चतुर भारताकडून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. बोटभर लांबीचा, कागदासारख्या पंखांचा जीव! नवख्यांना मी हे सांगतो तेव्हा ते हटकून वर बघतात.

झाडीतून जाणाऱ्या वाटेवर चेहऱ्याच्या उंचीला सोनेरी छटेची, हातभर रुंद जाळी लागतात. मधोमध बोटाएवढी मादी बसलेली असते, जायंट वुड स्पायडर. कडेला तीळभर दिसतो तो तिचा नर, पिल्लू नव्हे. जाळं काठीने मोडू नका, वाकून खालून जा.

पाखरांकडे येऊ. ऑक्टोबरात तारांवर भिंगऱ्यांच्या ओळी वाढतात, कोरड्या दगडी कुंपणांवर थिरथिरा शेपूट थरथरवू लागतो. नीलपंख उघड्या माळावरच्या तारांवर येऊन बसतो. दसऱ्याला तो दिसणं शुभ मानतात, म्हणून त्या दिवशी घरातल्या मोठ्यांनाही फेरीला न्यायला हरकत नाही. बसलेला असताना तो मळकट वाटतो, उडाल्यावर मात्र निळाई उघडते. विहिरीवरच्या बाभळीला लटकलेली सुगरणीची घरटी आता बहुतेक ओस पडतात. ती तोडून दिवाणखान्यात टांगू नका. एखादीची उशिराची पिल्लं आत असतात, आणि मुनिया जुन्या घरट्यांत बिऱ्हाड थाटतात.

बदकांत भुवई बदक सर्वांत आधी येणाऱ्यांपैकी. इथे नवखे हमखास रडकुंडीला येतात. पुस्तकात नराची ठसठशीत पांढरी भुवई दाखवलेली, आणि तळ्यावर सगळीच बदकं तपकिरी. त्याचं कारण असं, की विणीनंतर नर आपला झगझगीत पोशाख उतरवतात आणि काही महिने मादीसारखे दिसतात. पुस्तकातला नर बघायचा तर थंडी सरत येईपर्यंत थांबा. तोवर चोचीचा आकार, पंखावरचा पट्टा आणि सोबत कोण आहे, यावर भागवा. झुडपात चुटचुटणाऱ्या वटवट्यांचं तर पहिल्या वर्षी नावच काढू नका. वहीत 'वटवट्या, कोणता ते कळलं नाही' असं लिहा. ही नोंद प्रामाणिक असते आणि म्हणून चांगली.

नोव्हेंबर लागला की माळ. गवत पिकलेलं, टोळ भरपूर, आणि त्यावर तरंगत जाणारे भोवत्या. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून, जमिनीलगत, ते माळ विंचरत जातात. एकाच जागी पंख फडफडवत अधांतरी थांबणारा पांढुरका पक्षी दिसला तर तो भोवत्या नव्हे, इथलीच कापशी. भोवत्या रात्री उंच गवतात जमिनीवरच झोपतात. त्यामुळे 'पडीक जमीन' समजून तिथे गाडी घालणारे किंवा गवताला काडी लावणारे नेमकं काय उद्ध्वस्त करतात, ते तुम्ही इतरांना सांगू शकता.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लोणावळ्याच्या परिसरात अमूर ससाणे दिसू शकतात. कबुतरापेक्षा लहान हा शिकारी पूर्व आशियातून निघतो, नागालँडमध्ये लाखोंनी थांबतो, मग आपला देश आडवा ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेच्या दक्षिणेला जातो. २०१३ मध्ये नागालँडमधल्या काही ससाण्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली, तेव्हा हा मार्ग नकाशावर उमटला. इथे त्यांचा मुक्काम थोडाच. एका रविवारी दिसले म्हणून पुढच्या रविवारी मित्रांना घेऊन गेलात तर आभाळ रिकामं मिळेल. ग्रुपवर निरोप आला की त्याच दिवशी निघायचं.

६. वही, आणि मग अ‍ॅप

जागेवरच लिहा, घरी गेल्यावर आठवून नाही. तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, जागा, आभाळ कसं होतं, सोबत किती जण. त्याखाली प्रजाती आणि आकडा. 'खूप साळुंक्या' लिहू नका. मोठा थवा असेल तर दहा मोजा, त्या दहा किती भागात मावल्या ते पाहा आणि त्या मापाने थवा भागत जा. भोरड्यांचा संध्याकाळचा थवा दिसला तर शंभराचं माप लावावं लागेल. थोडी चूक चालते, आकडाच नसणं चालत नाही.

काय दिसलं नाही, हेही लिहा. 'ओढा पाहिला, धोबी नाही' ही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली ओळ आणि 'धोबी एक' ही तिसऱ्या आठवड्यातली ओळ मिळून आगमनाची तारीख ठरते. पहिली ओळ नसेल, तर दुसरीवरून इतकंच कळतं की तुम्ही त्या दिवशी गेला होतात.

संध्याकाळी वहीतली यादी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपवर, चढवा. तिथे विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का? कावळे, पारवे, चिमण्या गाळल्या असतील तर 'हो' म्हणू नका. नवे सभासद फक्त विशेष पक्षी लिहितात आणि नेहमीचे सोडतात. पण एखादा नेहमीचा पक्षी कमी होतोय की नाही, हे कळायचा मार्ग अशा पूर्ण याद्याच. २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल ९४२ प्रजातींचा आढावा घेतो. तो तीस हजारांच्या आसपास हौशी निरीक्षकांनी चढवलेल्या नोंदींवर उभा आहे. त्यातले बरेच तुमच्या-आमच्यासारखे, रविवारी सकाळी पोहे खायच्या आधी तळ्यावर जाणारे.

फुलपाखरं, कोळी, फुलं यांच्यासाठी आयनॅचरलिस्ट हे अ‍ॅप सोयीचं. फोटो, जागा, तारीख टाकली की जाणकार ओळख पटवतात. आवाज ऐकून नाव सांगणारं मर्लिन गंमतीचं आहे, पण त्याने नाव सुचवलं म्हणून नोंद करू नका. ते सुचवेल त्या दिशेला पाहा, पक्षी डोळ्यांनी गाठा, मग लिहा. आणि घुबडाची ढोली किंवा शिकारी पक्ष्याचं घरटं यांची नेमकी जागा कुठेही टाकायची नाही, ग्रुपवरही नाही. दिवाळीच्या तोंडावर घुबडांच्या चोरट्या व्यापाराला ऊत येतो, हे ठाऊक असू द्या.

७. रात्रीची फेरी

कोजागिरीला मंडळं हौसेने रात्री निघतात. चांदण्यात टॉर्चशिवाय चालता येतं, पिंगळे कलकलतात, सप्तपर्णीचा वास दाटलेला असतो. पण त्या रात्री पतंग पाहायला पांढरी चादर लावू नका. पूर्ण चंद्राच्या उजेडात दिव्याकडे कीटक कमी येतात. चादर अमावास्येच्या आसपास लावावी. आश्विनातली अमावास्या म्हणजे दिवाळी आणि फटाके, म्हणून आम्ही तिच्या चार-पाच दिवस आधीची रात्र निवडतो. चादर दोन झाडांमध्ये ताणा, समोर दिवा ठेवा, मग दूर बसा. साडेआठ ते अकरा एवढं पुरे. दिवा पहाटेपर्यंत चालू ठेवला तर पतंग तिथेच थकतात आणि सकाळी दयाळ-बुलबुल येऊन फराळ करतात. पश्चिम घाटाच्या जवळ असाल तर क्वचित अ‍ॅटलास पतंग येतो, पंजापेक्षा मोठा. प्रौढ झाल्यावर तो काही खात नाही, त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. त्याला हातावर घेऊन सेल्फी काढणाऱ्याला आमच्याकडे पुढच्या फेरीचा निरोप जात नाही.

८. मंडळाची या दिवसांतली कामं

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वन्यजीव सप्ताह. शाळांत बोलावणं येतं, नव्या सभासदांनी तक्ते धरायला तरी जावं. मुलं विचारतात ते प्रश्न मोठे विचारत नाहीत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी जगभर ई-बर्डची एका दिवसाची मोजणी असते. तुमची ती घराजवळची जागा त्या दिवशी पंधरा मिनिटं जरी मोजलीत तरी ती गणतीत येते.

दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आणि आपटा म्हणून कांचनही. आम्ही आदल्या दिवशी टेकडीवर उभं राहून लोकांशी बोलतो. भांडायचं नाही. पाच फांद्यांऐवजी पाच पानं घ्या म्हटलं की बहुतेकजण ऐकतात. न ऐकणारेही भेटतात.

५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा जन्मदिवस, त्या दोन तारखांमध्ये तो बसवला आहे. राज्य सरकारने २०२० पासून तो अधिकृतपणे साजरा करायला घेतला. नवख्यांसाठी हाच आठवडा उत्तम, कारण बरीच मंडळं तेव्हा सर्वांना खुल्या फेऱ्या काढतात.

ऊसपट्ट्यातल्या मंडळांना आणखी एक काम असतं. तोडणी सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. उचलायची नाहीत, फोटोसाठी कुरवाळायची नाहीत. तोड थांबवायची, माणसं मागे घ्यायची आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. पिल्लं सापडली त्याच जागी राहिली तर बहुतेक वेळा रात्री आई येऊन घेऊन जाते. पाळायला घरी नेणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहेच, आणि चवताळलेली मादी गावात फिरणं हे त्याहून वाईट.

९. जपायच्या दोन गोष्टी

पहिली, आग्या मोहोळ. कडे, जुने किल्ले, उंच झाडं इथे पाहून ठेवा. अत्तराचा वास आणि धूर त्यांना खवळवतो, म्हणून वर ते सांगितलं. माश्या उठल्या तर हात झटकू नका, तोंड-डोकं कापडात झाका आणि लांब पळा, शक्य असेल तर दाट झुडपात किंवा बंद जागेत. पाण्यात उडी मारू नका.

दुसरी, साप. सड्यावरचे दगड उलथू नका, फुरसं नेमकं तिथे असतं. गवतात पाऊल टाकण्याआधी काठीने आवाज करा. दंश झालाच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं, मांत्रिक यांतलं काहीही करायचं नाही. माणसाला झोपवा, अंगठ्या-घड्याळ काढा, दंशाचा हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. सर्वात जवळचं असं रुग्णालय कोणतं, हे फेरीच्या आदल्या दिवशी नेत्याला विचारून ठेवा. त्याला उत्तर देता आलं नाही तर मंडळ बदला.

१०. डिसेंबर लागताना

जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाभर चालणारी गणना असते. तेव्हा प्रत्येक तळ्यावर एक मोजणारा आणि एक लिहिणारा लागतो. लिहिणारा बहुधा त्याच वर्षी आलेला नवा सभासद असतो. त्या दिवशी शरदातली वही घेऊन या. तळ्यावर थवा उतरला आणि कुणी विचारलं, "हे यंदा कधी आले?" तर पानं उलटा आणि तारीख सांगा.